रजेवरील शिक्षिकेच्या जागी शिकवताना

प्रश्न (ऐरोली): नमस्कार. प्रसूती रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी मी महिनाभरापासून सातवीला गणित शिकवते. ‘आमच्या बाई असे शिकवत नाहीत’, हे रोज ऐकावे लागते. शिवाय कोणी गैरहजर असले की प्रॉक्सी तासही माझ्याकडेच येतो. कोणतीही पूर्वतयारी नसलेल्या त्या वर्गात काय करावे?

उत्तर (कळवा): ते वाक्य मनाला लावून घेऊ नका, मुलांना त्यांच्या बाईंची आठवण येते, एवढाच त्याचा अर्थ असतो. ‘मग त्या कशा शिकवत, ते फळ्यावर दाखव’, असे मी सांगते आणि त्यातूनच वर्ग कुठपर्यंत आला आहे हे मला कळते. प्रॉक्सी तासासाठी माझ्या पिशवीत ठाणे जिल्ह्याचा 2014 पूर्वीचा जुना नकाशा असतो. त्या वर्षी 1 ऑगस्टला पालघर वेगळा झाल्यामुळे कोणते तालुके गेले आणि कोणते राहिले, हे शोधण्यात मुले इतकी रमतात की घंटा झालेली कळत नाही.

उत्तर (वाशी): नेमणूकपत्र अवश्य घ्या. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने ही रजा 26 आठवड्यांची आहे, म्हणून आपला कालावधी आणि सुट्टीतील मानधन लेखी ठरलेले असावे. माझे तसे ठरले नव्हते आणि दिवाळीच्या सुट्टीचे पैसे मिळाले नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. नेमणूकपत्राविषयी उद्याच मुख्याध्यापकांना विचारते.