आईच्या बोटांचे ठसेच लागत नाहीत, हयातीचा दाखला कसा काढू?

भातखाचर: आई ७४ वर्षांची. बाबांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. जन्म भात लावण्यात आणि राखेने भांडी घासण्यात गेला, बोटं पार गुळगुळीत. काल दहाही बोटं टेकवून झाली, मशीन ढिम्म. वर तिथला मुलगा म्हणतो, "आजी, नीट दाबा ना!" ती हयात आहे हा दाखला दिला नाही तर पेन्शन अडेल, आणि तो द्यायचा नोव्हेंबर संपत आला. काय करू?

जुनी_चावी: दाबून उपयोग नाही, उलट रेषा फिसकटतात. ठशातल्या रेषा जिथे संपतात किंवा फुटतात ते बिंदू मशीन जुळवतं. झिजलेल्या बोटांवर ते पुरेसे सापडत नाहीत. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, किंचित तेल लावून बघा. आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे ठसे वगैरे जुळवून ओळख पटवणं बंद, केलेलं नाही ना?

पेन्शनर_काका: बोटांचा नाद सोडा. २०२१ पासून चेहऱ्यानेही दाखला निघतो. फोनवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन्ही ॲप घ्या. उजेड तोंडावर हवा, पाठीमागून नको. सांगेल तेव्हा डोळे मिचकावायचे. तेही नाही जमलं तर बँकेत जाऊन कागदी दाखला द्या, तो अजून चालतो.

भातखाचर: झालं! घरात तीनदा फसलं, मग ओटीवर बसवलं. चष्मा काढायला तयार नव्हती, आणि फोटो म्हणून आधी पदर सारखा केला. आता शेजारच्या मावशींना घेऊन आलीये, "हिचंही डोळे मिचकावून करून दे."