मदत हवी आहे: मिडसाइज पिकअपला स्नो प्लाउ लावायचाय, पुढचा अ‍ॅक्सल झेपेल का?

मंडळी, थोडी मदत हवी आहे. गेले दोन हिवाळे मी फावड्याने बर्फ काढतोय आणि आता कंबर बोलायला लागली आहे. घरापासून रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे साधारण ६० मीटर लांब, ३ मीटर रुंद, निम्मा डांबरी निम्मा खडीचा, रस्त्याजवळ थोडा चढ. दारात पिकअप उभीच आहे, तर तिलाच पुढे प्लाउ, म्हणजे बर्फ ढकलायचं पातं (ब्लेड), का लावू नये असं डोक्यात आलं आणि तेव्हापासून झोप उडाली आहे.

गाडी टॅकोमा, रेंजर, कोलोराडो त्या गटातली. नेमकं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर धागा लगेच कुठली गाडी भारी यावर जाईल. डबल कॅब, व्ही६, ऑटोमॅटिक, पार्ट टाइम (गरजेपुरती चालू करायची) फोर व्हील ड्राइव्ह. सेकंडहँड घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने पुढे लोखंडी बंपर आणि विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावून ठेवलं होतं, दिसायला भारदस्त म्हणून मीही काढलं नाही.

अडचण अशी की एक दुकानदार म्हणाला आरामात बसेल, दुसऱ्याने गाडी बघूनच हात झटकले, तिसरा म्हणाला पुढचे स्प्रिंग जाड घाला की झालं. फक्त स्वतःचा ड्राइव्हवे काढायचाय, धंदा करायचा नाहीये. कोणी अशा गाडीला लावलाय का? किती वजनाचा घ्यावा? आणि स्प्रिंगवाली गोष्ट खरी का?

प्रतिसाद

नका लावू. हाफ टन (म्हणजे फुल साइज पिकअप) किंवा त्याहून मोठी गाडी लागते या कामाला. पुढचं सस्पेन्शन दोन हिवाळ्यांत खचेल.

धागाकर्ता

दुसरी गाडी घ्यायची ऐपत असती तर धागा कशाला काढला असता हो. आहे त्यात काय होतंय ते बघतोय.

प्रतिसाद

वरच्यांचं अगदीच चूक नाहीये, पण "बसतो का" हा प्रश्नच बाजूला ठेवा. बोल्ट लावून काहीही बसतं. तुमच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर किती वजन शिल्लक आहे एवढंच बघायचं.

ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतो. त्यावर एक आकडा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे माणसं सामान धरून पूर्ण गाडीची मर्यादा, आणि दोन आकडे जीएडब्ल्यूआर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या वेगवेगळ्या मर्यादा. सगळे लोक एकूण मर्यादा बघतात, तिथे भरपूर जागा दिसते आणि खूश होतात. प्लाउला अडवतो तो पुढचा जीएडब्ल्यूआर.

त्यातली मेख अशी की प्लाउ चाकांवर नसतो, चाकांच्या पुढे लोंबकळत असतो. भरलेली बादली अंगाशी धरा आणि मग तीच हात लांब करून धरा, तसं. समजा दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.२ मीटर आणि प्लाउचं वजन पुढच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर पुढे येतंय. मग २०० किलोचा प्लाउ पुढच्या अ‍ॅक्सलवर २०० नाही तर २७५ किलो टाकतो, आणि मागच्या चाकांवरचे ७५ किलो उचलून घेतो. म्हणजे पुढे जास्तीचा भार आणि मागे पकड कमी, बर्फात नेमकं नको तेच.

स्प्रिंगचं विचारलंत तर जाड स्प्रिंग किंवा रबरी सपोर्ट घालून गाडीचं नाक वर राहतं, तेवढा उपयोग खराच आहे. पण बेअरिंग, बॉल जॉइंट, ब्रेक, सीव्ही जॉइंट तेच राहतात ना? स्टिकरवरचा आकडा स्प्रिंगने वाढत नाही. तुमच्या तिसऱ्या दुकानदाराला स्प्रिंग विकायचे असावेत.

आधी टाकी फुल करून वजनकाट्यावर जा आणि पुढचा अ‍ॅक्सल वेगळा तोलून आणा. आकडे आल्याशिवाय प्लाउच्या जाहिराती उघडू नका. आणि ते लोखंडी बंपर-विंच... असो, आकडे आले की बोलू.

प्रतिसाद

मी अ‍ॅक्सलवर बोलत नाही, मला त्यातलं कळत नाही, बर्फावर बोलतो. ६० बाय ३ मीटरवर २० सेंटिमीटर बर्फ म्हणजे ३६ घनमीटर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास किंवा त्याहूनही हलका असतो, म्हणजे साडेतीन टन. तोच ओला चिकट पडला किंवा रात्रभर बसला की ३०० किलोपर्यंत सहज जातो, म्हणजे दहा टनांच्या वर. ड्राइव्हवे तोच आणि बर्फाची उंचीही तीच. म्हणून हलका प्लाउ घेणाऱ्याने बर्फ थांबायची वाट बघायची नसते, आठ-दहा सेंटिमीटर साचला की एक फेरी, परत साचला की परत एक. सकाळी उठून एकदम काढू म्हणणारेच पुढे गिअरबॉक्सचे धागे काढतात.

खडीचं सांगतो. ब्लेडखाली दोन्ही बाजूंना स्किड शू असतात, खडीवर ते थोडे खाली करून ब्लेड दोन-अडीच सेंटिमीटर वर ठेवायचं. नाहीतर पहिल्याच बर्फात अर्धी खडी लॉनमध्ये जाते आणि उन्हाळ्यात दंताळ्याने गोळा करत बसावं लागतं, स्वानुभव. दुसरा जुगाड म्हणजे जाड पाइपला लांबीभर चीर पाडून तो ब्लेडच्या खालच्या धारेवर चढवायचा, मग धार खडीत रुतत नाही, वरून सरकत जाते. जमीन नीट गोठली की पाइप काढला तरी चालतं.

आणि ड्राइव्हवेच्या कडेला काठ्या ठोकून ठेवा, बर्फ पडल्यावर कड कुठे आहे ते कोणालाच आठवत नाही. हे जमीन गोठायच्या आधी करा.

प्रतिसाद

अवांतर: याला प्लाउ, म्हणजे नांगर, का म्हणतात कोण जाणे. नांगर जमीन फोडून उलटवतो, हे तर वरवर खरवडत नेतं. खरं म्हणजे हा बर्फाचा वखर.

प्रतिसाद

वखर आवडला! पण मुद्द्याचं. गाडी किती जुनी आहे ते लिहिलं नाहीत. नवीन असेल आणि पुढे रडार असेल, म्हणजे अडॅप्टिव्ह क्रूझ किंवा आपोआप ब्रेक लागणारी सिस्टिम, तर ब्लेड वर उचललं की ते रडारच्या बरोबर समोर येऊ शकतं. मग गाडीला वाटतं पुढे भिंत आहे. डॅशबोर्डवर दिवे लागतात, पार्किंग सेन्सर कोकलत राहतात आणि नको तेव्हा ब्रेक लागायची भीती वेगळीच. ती सिस्टिम बंद करता येते का ते मॅन्युअलमध्ये बघा. त्याच मॅन्युअलमध्ये स्नो प्लाउ बसवण्याबद्दल काही लिहिलंय का तेही शोधा, या गटातल्या काही गाड्यांना कंपनीच नको म्हणते आणि मग वॉरंटीवरून वाद होतो.

दुसरं हेडलाइट. ब्लेड वर असताना उजेड ब्लेडच्या पाठीवर पडतो आणि समोर अंधार. प्लाउ पहाटे अंधारातच चालवायचा असतो, त्यामुळे वेगळे दिवे वर लावावे लागतात, ते किटमध्ये आहेत का विचारा.

तिसरं करंट. हायड्रॉलिक पंपाची इलेक्ट्रिक मोटर ब्लेड उचलताना क्षणभर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढते. हीटर, मागची काच, वायपर, दिवे सगळं चालू आणि इंजिन आयडलवर, अशात म्हातारी बॅटरी मान टाकते. विंचने किंवा छोट्या इलेक्ट्रिक मोटरने उचलणारे हलके प्लाउ येतात त्यांना एवढं लागत नाही, पण त्यातल्या साध्यांमध्ये ब्लेडचा कोन बदलायला खाली उतरून हाताने पिन काढावी लागते. उणे पंधरात. हातमोज्यांसकट.

धागाकर्ता

आलो काट्यावरून. सगळ्यांचे आभार, विशेषतः बादलीवाल्यांचे, ते उदाहरण डोक्यात बसलं.

स्टिकरवर एकूण मर्यादा २५४० किलो, पुढचा अ‍ॅक्सल १३९५. टाकी फुल, आत मी एकटा, काट्यावर पुढे १२६० आणि मागे ८९०. म्हणजे एकूणात ३९० किलो शिल्लक दिसतायत आणि पुढे फक्त १३५! मी इतके दिवस त्या ३९० कडे बघून २०० किलोचा हायड्रॉलिक प्लाउ घ्यायचं ठरवत होतो. तो लावला असता तर पुढे १५३५ झाले असते, मर्यादेपेक्षा १४० जास्त. हात झटकणारा दुकानदार शहाणा निघाला.

गाडी आठ वर्षांची आहे, रडार नाहीये. मॅन्युअलमध्ये प्लाउबद्दल हो पण नाही आणि नाही पण नाही. मग आता नादच सोडू का?

प्रतिसाद

(बादलीवाला) थांबा, त्या बंपर-विंचसाठीच थांबलो होतो. किती वजन आहे दोन्हीचं?

धागाकर्ता

मिळून ९५ किलोच्या आसपास. मूळ प्लास्टिकचा बंपर गॅरेजमध्ये पडून आहे, तो आतल्या पत्र्यासकट २० भरेल.

प्रतिसाद

मग हे घ्या. बंपर आणि विंच काढून मूळचा लावला की ७५ किलो गेले, तेही अ‍ॅक्सलच्या साधारण मीटरभर पुढचे, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलवरून ९८ किलो उतरले. प्लाउ २०० चा नको, फ्रेमसकट १५० च्या आतला हलका बघा, तो पुढे २०६ टाकेल. मागे हौद्यात १५० किलो वाळू, पण मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, टेलगेटला चिकटून. अ‍ॅक्सलच्या ०.९ मीटर मागे धरली तर ती पुढून आणखी ४२ किलो उचलते.

१२६० अधिक २०६, वजा ९८, वजा ४२. झाले १३२६. मर्यादेच्या ६९ किलो खाली. एकूण वजन २३७५, तिथेही जागा आहे.

मात्र शेजारी कोणी बसलं की त्यातले अर्धे पुढे जातात, त्यामुळे प्लाउ लावलेला असताना एकट्यानेच चालवा. आणि वाळू कॅबच्या मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे ती अ‍ॅक्सलच्या पुढे पडते आणि पुढचा भार कमी करण्याऐवजी वाढवते. पोत्यांच्या पुढे लाकडी आडवी पट्टी अडकवून घट्ट बांधा, नाहीतर ब्रेक लावल्यावर पोती पुढे सरकतील आणि आपला सगळा हिशोबही. चाकं फिरायला लागली तर तीच वाळू खाली टाकायला होते हा वरचा फायदा.

रुंदीचं एक राहिलं. ब्लेड तिरकं केलं की कमी रुंद होतं. २ मीटरचं ब्लेड ३० अंशांत १.७३ मीटरच उरतं आणि तुमची मागची चाकं न काढलेल्या बर्फावरून जातात. चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि तिरकं केल्यावरही तेवढं झाकेल असं ब्लेड घ्या. ७ फुटी मिळालं १५० किलोत तर उत्तम.

धागाकर्ता

मोजलं, चाकं बाहेरून १.८३ मीटर आहेत. ७ फुटी ब्लेड ३० अंशांत १.८५ होतंय, म्हणजे जेमतेम पण झाकतंय. विंचने उचलणारा एक मिळतोय, फ्रेमसकट १४५ किलो. पिन हाताने काढावी लागेल पण चालेल, हातमोजे आहेत. चालवताना काय सांभाळायचं?

प्रतिसाद

लो रेंज (फोर व्हीलचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर), हळू. रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना गाडी पूर्ण थांबू द्या, गिअरबॉक्स बर्फाने कमी आणि या घाईने जास्त मरतात. धावत येऊन ढिगाला धडक द्यायची नाही. पार्ट टाइम फोर व्हील आहे तर कोरड्या डांबरावर आलात की टू व्हीलमध्ये टाका. पहिल्या बर्फात ढीग ड्राइव्हवेच्या कडेलाच सोडू नका, जितके लांब ढकलता येतील तितके ढकला, नाहीतर फेब्रुवारीत दोन्ही भिंती आत आलेल्या असतात आणि ढकलायला जागाच नाही. गॅरेजच्या दारासमोर ब्लेड मागे ओढत आणावं लागतं, हलक्या ब्लेडला खाली दाब नसल्याने तिथे थोडा बर्फ राहणारच, तेवढं फावडं ठेवा. आणि रस्त्यापलीकडे बर्फ ढकलू नका, बऱ्याच ठिकाणी त्याला दंड आहे आणि शेजाऱ्यांशी भांडण सगळीकडेच.

प्रतिसाद

पहिल्या एक-दोन वापरांनंतर फ्रेमचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. आणि ब्लेडला आतून सिलिकॉन स्प्रे किंवा वॅक्स मारा, ओला बर्फ चिकटला की १४५ चे कधी २०० होतात कळत नाही. तिथे तुमचे ६९ किलो गेले.

धागाकर्ता

अपडेट: बसवला. बोल्ट दोनदा आवळले, वॅक्स मारलं, लोखंडी बंपर विकायला काढलाय, कोणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काल १२ सेंटिमीटर पडला, दोन फेऱ्यांत पाऊण तासात मोकळं. प्लाउसकट परत काट्यावर जाऊन आलो, पुढे १३३०.

फक्त काठ्या राहिल्या. आज ठोकायला गेलो तर जमीन गोठलेली. चार काठ्या मोडल्या, पाचवी उभी आहे पण तिरकी.