मदत हवी आहे: तीन बिलं, दोन पावत्या, तरी थकबाकी शून्य!

नमस्कार मंडळी. ऐरोलीत आमची 84 सदनिकांची सोसायटी आहे, यंदा खजिनदारकी माझ्याकडे आली. आधीचा हिशोब एकाच एक्सेल शीटमध्ये होता: ओळीत सदनिका, मालक, मोबाइल आणि पुढे एप्रिल, मे, जून असे रकाने. एका काकांच्या दोन सदनिका आहेत. त्यांनी नंबर बदलला, तो एकाच ओळीत दुरुस्त झाला आणि दुसऱ्या सदनिकेचे निरोप वर्षभर जुन्याच नंबरवर जात राहिले. म्हणून मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये चार टेबलं केली: मालक, सदनिका, बिल, पावती.

थकबाकीसाठी क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिली: सदनिकेला बिल जॉइन केलं म्हणजे जोडलं, पावती जॉइन केली, सदनिकेनुसार गट पाडायला ग्रूप बाय लावलं आणि बिलांच्या बेरजेतून पावत्यांची बेरीज वजा केली. एका सदनिकेला 3,200 ची तीन बिलं गेलीत, भरली दोन. क्वेरी म्हणते बाकी शून्य. शेजारच्यांनी तीन बिलांपोटी एकदाच 5,000 भरलेत, त्यांचे उलट 5,400 जास्त जमा दिसतात. ज्यांनी काहीच भरलं नाही, ते यादीतच नाहीत! सम डिस्टिंक्ट लावून पाहिलं, पहिल्या सदनिकेची बाकी पुन्हा शून्यच.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे. अशी यादी नोटीस बोर्डावर लागली तर वेळेवर भरणाऱ्यांना काय तोंड दाखवू? टेबलं वेगळी केली हीच चूक झाली का?

प्रतिसाद:
दादा, टेबलं मोडू नका, ती बरोबर आहेत. ग्रूप बाय आणि सम (बेरीज) काढून टाका आणि त्या एका सदनिकेच्या नुसत्या ओळी बघा. सहा दिसतील, कारण प्रत्येक बिलासमोर प्रत्येक पावती येते. बिलांची बेरीज 19,200, पावत्यांचीही 19,200. शेजाऱ्यांची एकच पावती तीन बिलांसमोर तीनदा मोजली गेली, तिचे झाले 15,000. सम डिस्टिंक्ट सारख्या रकमा एकदाच धरतं, म्हणून दोन्हीकडे 3,200 उरले. ते इथे वापरूच नका.

बिलं सदनिकेची, पावत्याही सदनिकेच्या, पण अमुक पावती अमुक बिलाची असं नातं तुमच्याकडे नाही. अशा दोन स्वतंत्र याद्या एका टेबलात कोंबू नयेत, हेच रॉनल्ड फेगिन यांनी 1977 मध्ये मांडलेला चौथा नॉर्मल फॉर्म (टेबलं कशी विभागावीत याचा एक नियम) सांगतो. तुम्ही त्या वेगळ्या ठेवल्यात, ते उत्तमच. जॉइनने मात्र तेच कोंबलेलं टेबल पुन्हा उभं केलं.

आधी बेरीज, मग जोडणी. एका सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) बिलांची सदनिकेनुसार बेरीज, दुसरीत पावत्यांची. दोन्हीकडे सदनिकेला एकच ओळ उरते. मग सदनिका टेबलाला दोन्ही लेफ्ट जॉइन करा, म्हणजे पावती नसलेल्या सदनिकाही यादीत राहतील.

धागाकर्ता:
जमलं! पहिली 3,200, शेजारचे 4,600. हाताने ताळा घेतला, बरोबर आहे. पण न भरणाऱ्यांची बाकी नल, म्हणजे रिकामी, येतेय.

प्रतिसाद:
9,600 मधून नल वजा केलं तर नलच येणार. पावत्यांच्या बेरजेला कोअलेस लावून नलच्या जागी 0 घ्या. आणि पावतीच्या तारखेची अट सबक्वेरीच्या आत ठेवा. बाहेरच्या क्वेरीच्या व्हेअरमध्ये (अटींच्या भागात) गेली तर हीच माणसं पुन्हा गायब होतील.

प्रतिसाद, ठाण्याहून:
बिलात रक्कम लिहून ठेवताय ना? आमच्याकडे ती दरांच्या टेबलातून काढायचे. दर वाढवला आणि मागची सगळी बिलं रातोरात वाढली. रक्कम त्या बिलाचीच माहिती आहे, ती बिलात ठेवल्याने नॉर्मलायझेशन (टेबलांची नीट विभागणी) बिघडत नाही. सदनिका विकली गेली तर काय करता?

धागाकर्ता:
रक्कम बिलातच आहे, ताई. विक्रीचा विचार केला नव्हता. बी विंगमधली एक जूनमध्ये विकली गेली आणि मी मालक क्रमांक सरळ बदलला, त्यामुळे जुन्या पावत्या नव्या मालकाच्या नावावर दिसताहेत. सदनिका, मालक, कधीपासून, कधीपर्यंत असं मालकी टेबल आज रात्रीच करतो.