कार-टी पेशी नुसत्या मोजायच्या की त्यांचं काम बघायचं?

पेशीवेडी:
पेशंटच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, कॅन्सर ओळखणाऱ्या ‘कार’ नावाच्या रिसेप्टरचा जीन त्यांच्यात घालायचा आणि परत सोडायच्या, ही कार-टी आयआयटी मुंबई आणि टाटाच्या नेक्सकार-१९ मुळे आता बऱ्याच जणांना माहितीय. पण पेशंटला परत द्यायच्या पिशवीतल्या किती टक्के पेशींवर कार आलाय, किती जिवंत आहेत, एवढं मोजून कसं भागेल? अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठात प्राध्यापक नवीन वरदराजन यांच्या लॅबने टायमिंग नावाची पद्धत काढलीय, चिपवर हजारो बारीक खळगे, एकेका खळग्यात एक टी पेशी आणि एक-दोन कॅन्सरच्या पेशी, मग काही मिनिटांनी एकेक फोटो असं तासन्‌तास, त्यात कोण चिकटली, किती वेळात मारलं, एक मारून दुसरीकडे वळली की तिथंच दमली, सगळं दिसतं. सिंगल-सेल सिक्वेन्सिंगला, म्हणजे एकेका पेशीतले जीन वाचायला, पेशी फोडावीच लागते, मग ती पुढं काय करणार होती ते कसं कळणार? नवीन थेरपी बनवणाऱ्यांना हे सक्तीचं करा असं माझं स्पष्ट मत.

वाट_बघणारा:
सक्ती म्हटलं की खर्च आला, आणि तो शेवटी पेशंटच्या बिलात. अमेरिकेत २०१७ ला किमरिया ही तिथली पहिली कार-टी आली ती ४,७५,००० डॉलरला. इथली त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात मिळते तरी आमच्या मावशीसाठी शेत विकायची बोलणी घरात झालीत. आधी किंमत खाली आणा, फिल्म नंतर बघू.

पेशीवेडी:
दादा, मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण मी प्रत्येक पेशंटच्या पिशवीबद्दल नाही बोलत, औषध घडवतानाच्या टप्प्याबद्दल बोलतेय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची २०१८ ची केस बघा, सीएलएल या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) एका पेशंटमध्ये कारचा जीन नेमका टेट२ या दुसऱ्या जीनमध्ये जाऊन बसला आणि त्या एकाच पेशीची पिल्लावळ इतकी वाढली की पेशंट बरा झाला. सरासरी बघणाऱ्याला ही एक पेशी कधी दिसली असती?

रक्तविभाग_रेसिडेंट:
ताई, त्याच वर्षी तिथलीच दुसरी केसही सांगा की. बनवताना एका ल्युकेमियाच्या पेशीतच चुकून कार गेला, तिच्यावरचा सीडी१९ (ज्या खुणेवरून कार कॅन्सरची पेशी ओळखतो ती) त्याने झाकला गेला, कार-टीला ती दिसेना, आजार उलटला आणि पेशंट गेला. कोट्यवधी पेशींतली ती एक तुमच्या काही हजार खळग्यांत सापडली असती का? शिवाय खळग्यात कॅन्सरची पेशी समोर आणून ठेवलेली असते, शरीरात, आणि सॉलिड ट्यूमरमध्ये (गाठीच्या कॅन्सरमध्ये) तर जास्तच, टी पेशीला आधी आत शिरायलाच जमत नाही. आणि कधी कॅन्सरच सीडी१९ टाकून देतो, तेव्हा टी पेशी कितीही चपळ असली तरी काय करणार?

पेशीवेडी:
ती केस या पद्धतीने सापडली नसती, मान्य. पण एकाच लक्ष्यासाठी चार डिझाइन तयार असतील तर त्यातलं कोणतं लवकर दमतं ते ट्रायलच्या आधी कळणं काय वाईट? नाहीतर ते पेशंटवरच कळणार ना.

वाट_बघणारा:
एवढं असेल तर माझा विरोध नाही. फक्त पिशवी तयार व्हायला आधीच आठवडे लागतात, त्यात चाचणीपायी एक दिवसही वाढू नये, मावशी तेवढं थांबू शकत नाही.