कोल्हापूरचे पाणी आणि घरातले आरओ यंत्र : आपला अनुभव लिहावा

शिवाजी पेठ, कोल्हापूर (विषय मांडणारा)

आमच्या घरी २०१४ साली आरओचे, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून त्यातले क्षार वेगळे काढणारे, यंत्र बसले. ते का बसवले, याचे प्रामाणिक उत्तर ‘शेजारी बसले म्हणून’ एवढेच आहे. त्या वेळी शहराला पंचगंगेच्या खोऱ्यातले नदीचे पाणी मिळत असे आणि नदीत काय काय मिसळते हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे यंत्र विकणाऱ्याला फार बोलावे लागले नाही. पुढे २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट जलवाहिनीने शहरापर्यंत पोहोचले. आमचे यंत्र मात्र होते तसेच चालू राहिले.

गेल्या महिन्यात मुलाने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजण्याचे पेनाएवढे मीटर आणले. नळाच्या पाण्याचा आकडा आला ९६, आरओमधून आलेल्या पाण्याचा ११ आणि यंत्राच्या ज्या नळीतून पाणी मोरीत जाते त्या पाण्याचा १२४. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे आहे. म्हणजे क्षारांपुरते बोलायचे तर आम्ही दहा वर्षे मोरीत सोडत आलो ते पाणीसुद्धा उत्तमच होते. आमचे यंत्र एक लिटर देताना तीन लिटर सोडते. दिवसाला बारा लिटर पाणी लागते, त्यापायी छत्तीस लिटर जाते. हा हिशेब घरात मोठ्याने मांडला तेव्हा सौभाग्यवतींनी त्या नळीखाली बादली ठेवली, पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

म्हणून विनंती आहे की आपले पाणी कुठले, यंत्र कशासाठी घेतले आणि आज काय वाटते, हे सविस्तर लिहावे. कंपन्यांची नावे कृपया टाळावीत.

राजारामपुरी, निवृत्त शिक्षक

मी विज्ञान शिकवत असे, तरीही फसलो, म्हणून लिहितो. घरी आलेल्या विक्रेत्याने दोन पेल्यांत पाणी घेतले, एकात नळाचे आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेले एक उपकरण बुडवून त्याने वीज सुरू केली. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात तांबूस-काळा गाळ उसळला आणि यंत्राचे पाणी जसेच्या तसे राहिले. ‘काका, हे आपण रोज पिता,’ असे तो म्हणाला. आमच्या मंडळींनी त्याच दिवशी आगाऊ रक्कम दिली.

दोन दिवसांनी माझे मलाच हसू आले. तो गाळ पाण्यातला नव्हता, तर कांडीच्या लोखंडाचा होता. पाण्यात थोडे क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून गंजाच्या रूपाने पाण्यात उतरते. आरओच्या पाण्यात क्षारच जवळजवळ नसल्यामुळे वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसते. यंत्र बसवायला तोच मुलगा आला तेव्हा मी त्याच्या ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ टाकले आणि प्रयोग पुन्हा करायला सांगितले. पेला नळाच्या पाण्यापेक्षाही काळा झाला. मुलगा बिचारा ओशाळला. त्याला तरी हे कोणी समजावून सांगितले होते?

यंत्र मी परत केले नाही, कारण आगाऊ रक्कम परत मिळणार नव्हती.

इचलकरंजी, यंत्रमाग व्यावसायिक

शिक्षकांचे म्हणणे पटते, पण आमच्या घरातले यंत्र भीतीपोटी आले आहे आणि ती भीती खोटी नव्हती. २०१२ साली आमच्या गावात काविळीची मोठी साथ आली, तेव्हा माझा धाकटा भाऊ तीन आठवडे अंथरुणाला खिळून होता. ही हिपॅटायटिस ई प्रकारची कावीळ सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरते. साथ ओसरल्यावर गल्लीतल्या बहुतेक घरांत यंत्रे आली आणि प्रत्येक विक्रेता टीडीएसचे मीटर दाखवूनच यंत्र विकत होता.

आज कळते की त्या मीटरचा आणि काविळीचा काडीचाही संबंध नाही. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगते. विषाणू, जंतू किंवा कीटकनाशक त्यात दिसत नाही. ऐंशी टीडीएसचे पाणी माणसाला रुग्णालयात पोहोचवू शकते आणि आठशेचे पाणी पिऊन माणूस ठणठणीत राहू शकतो. आरओच्या पडद्यातून विषाणूही जात नाहीत हे खरे, पण तेच काम पाणी खळखळून उकळूनही होते आणि आमच्या आईने त्या साथीत तेच केले होते. भावाने हॉटेलात पाणी प्यायले, एवढेच.

मंगळवार पेठ, गृहिणी

आमच्याकडे यंत्र नाही. रोज सकाळी पाणी उकळून, निवल्यावर गाळून माठात भरते. सासूबाईंचे वय ८८ आहे.

शिरोळ तालुका, ऊस उत्पादक शेतकरी

शहरातल्या मंडळींनी आरओ म्हणजे चैन असा निष्कर्ष काढू नये, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. आमच्या भागात जमीन क्षारपड झाली आहे. वर्षानुवर्षे उसाला पाटाने भरमसाट पाणी दिले, निचरा झाला नाही आणि खालचे क्षार वर आले; त्यात आमच्या पिढीचा दोष आहे हे मान्य करतो. त्यामुळे मळ्यातल्या घराच्या बोअरचे पाणी मचूळ लागते, चहा फाटल्यासारखा होतो आणि स्टीलच्या भांड्यांवर पांढरे थर चढतात. मीटरवर आकडा १४०० च्या आसपास येतो.

प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेतले तेव्हा नायट्रेटही मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाले. शेतातल्या रासायनिक खतांचा तो हिशेब असावा. घरात तान्ही नात होती आणि तान्ह्या मुलांना अशा पाण्याचा धोका अधिक असतो. आम्ही पाणी उकळत होतो, पण उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तेवढे त्याचे प्रमाण वाढते. हे ऐकल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आरओ बसवले. आता आकडा शंभराच्या आत असतो आणि चहा चहासारखा लागतो.

त्रास दोन आहेत. दर वर्षी, फार तर दीड वर्षाने, मेम्ब्रेन (आरओचा पडदा) बदलावा लागतो, कारण क्षार त्यावर बसतात. दुसरा त्रास बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. शहरात ते पाणी झाडांना घालता येत असेल. आमच्याकडे ते १८०० च्या पुढे जाते. पत्नीने परसातल्या कढीपत्त्याला सहा महिने घातले आणि झाड पानांच्या कडांपासून करपत गेले. आता ते संडासासाठी आणि गोठा धुण्यासाठी वापरतो.

आर. के. नगरच्या पुढची वसाहत, सदनिकाधारक

आमच्या इमारतीच्या टाकीत बोअरचे पाणी, नळाचे पाणी आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी एकत्र होते. त्यामुळे पावसाळ्यानंतर २०० दाखवणारे मीटर एप्रिलमध्ये ६५० दाखवते. यंत्राची खरी गरज वर्षातून चार महिने असते आणि पैसे बारा महिन्यांचे जातात. तूरडाळीचा अनुभव मात्र सांगण्याजोगा आहे: बोअरच्या जड पाण्यात ती कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतरही अख्खी राहते आणि आरओच्या पाण्यात तिसऱ्या शिट्टीला मऊ होते. पाहुणे येणार असतील तर आम्ही आमटीपुरते यंत्राचे पाणी वापरतो.

उत्तरेश्वर पेठ, बँक कर्मचारी

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवावा. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले. चोहीकडे पाणीच पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही, अशी अवस्था होती. भिंतीवर हजारो रुपयांचे यंत्र होते, पण वीज नव्हती. वीज आली तेव्हा टँकरचे गढूळ पाणी घातले आणि पहिल्याच दिवशी आतली कँडल, म्हणजे गाळ अडवणारी पहिली गाळणी, चिखलाने बसली. शेवटी आजीच्या सांगण्यावरून तुरटी फिरवली, रात्रभर पाणी निवळू दिले, वरचे पाणी चौपदरी कापडातून गाळले आणि गॅसवर उकळले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा तुरटी आणि जास्तीचा सिलिंडर आधीच आणून ठेवला होता.

यंत्रांची दुरुस्ती करणारा, उद्यमनगर परिसर

अठरा वर्षे मी हेच काम करतो. लोक आकडा जितका कमी तितके पाणी चांगले असे धरून बसतात आणि टाकी मात्र उघडून पाहत नाहीत. यंत्रातला कार्बन फिल्टर नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढून घेतो, कारण क्लोरीनमुळे मेम्ब्रेन खराब होतो. पण त्यामुळेच टाकीत साठलेल्या पाण्याला जंतूंपासून संरक्षण उरत नाही. घर आठ दिवस बंद ठेवून मंडळी गावाहून परत येतात आणि तेच साठलेले पाणी पितात. अशा टाक्यांच्या तळाला बुळबुळीत थर मी अनेकदा पाहिला आहे. परत आल्यावर टाकी रिकामी करावी, पुसून घ्यावी आणि पहिले भरलेले पाणी सोडून द्यावे.

दुसरी गोष्ट एसव्हीची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या विजेच्या झडपेची. ती बिघडली की यंत्र बंद असतानाही मोरीतली नळी वाहत राहते. रात्री अकरा वाजता नळीला कान लावावा. धार ऐकू आली तर झडप बदलावी.

तिसरी गोष्ट आमच्या धंद्याच्या विरोधात जाते. ‘पाणी बेचव लागते’ अशी तक्रार आली की काही जण टीडीएसचा स्क्रू फिरवून देतात. त्या स्क्रूमुळे मेम्ब्रेनमधून न गेलेले पाणी शुद्ध पाण्यात मिसळते. शिरोळच्या काकांसारखे नायट्रेटचे पाणी असेल, तर ज्यासाठी यंत्र घेतले तेच त्या स्क्रूतून परत आत येते.

विषय मांडणाऱ्यांना सांगायचे तर ९६ च्या पाण्याला मेम्ब्रेन लागत नाही. पण मेम्ब्रेन नुसता काढून टाकू नये. त्याच्या जागी यूएफ (सूक्ष्म छिद्रांची गाळणी) आणि पुढे यूव्हीचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा, दिवा असावा. यूव्हीला पाणी नितळ लागते, गढूळ पाण्यात जंतू गाळाच्या आडोशाला राहतात, म्हणून पहिली कँडल वेळेवर बदलावी लागेल. ती साधी आणि स्वस्त असते, तरी ग्राहक नेमकी तीच टाळतात.

शिवाजी पेठ (विषय मांडणारा)

सर्वांचे आभार. रात्री नळीला कान लावला. धार चालू होती. झडप किती महिने बिघडलेली असेल, याचा हिशेब घरात अजून मांडलेला नाही. नळाच्या पाण्याचा नमुना जंतूंच्या तपासणीसाठी दिला आहे. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय अजिबात आढळू नयेत असे मानक आहे. अहवाल आला की इथे लिहीन. पावसाळ्यातल्या पहिल्या गढूळ पाण्याचा नमुना पुन्हा देईन आणि मगच मेम्ब्रेन काढायचा की नाही ते ठरवीन.