विमानाच्या तिकिटाला एसटीसारखा ठरलेला दर कामून नाही? कायदा जाणणाऱ्यांनी सांगा

मोसंबीबाग_जालना
नमस्कार मंडळी. वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन झालंय, दर दीड महिन्याला मुंबईला दाखवायला न्यावं लागतं. रेल्वेत सात-सात तास त्यांना बसवत नाही म्हणून संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून विमानानं नेतो. आता झालं काय, सोमवारी रात्री बघितलं तर सीटला ३८०० दाखवायलं होतं, भावाला विचारून बुधवारी सकाळी बुक करायला बसलो तर ८९००! विमान तेच, कंपनी तीच, वेळ तीच. दोन माणसं, जाणं-येणं, हिशोब तुम्हीच करा. एसटीत जालना ते संभाजीनगर कुणीही बसा, दर एकच. मग विमानाला कायदा लागू नाही का? का सरकारनं हात वर केलेत? खरंच समजून घ्यायचंय, माहितीवाल्यांनी सविस्तर लिहा.

काळा_कोट_परभणी
दादा, आधी वडिलांना लवकर आराम पडो. कायदा आहे, पण तो दर ठरवून देणारा नाही, तो बदल १९९४ चा आहे. त्याआधी १९५३ चा हवाई महामंडळ कायदा होता, तेव्हा देशातल्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स केली (त्यात आपल्या निजाम राज्यातली हैदराबादची डेक्कन एअरवेज पण होती), परदेशासाठी एअर इंडिया वेगळी, आणि ठरलेल्या वेळापत्रकाचं विमान या दोघींशिवाय कुणी चालवायचंच नाही असं त्या कायद्यात स्पष्ट होतं. दरावर सरकारचा हात. १९९० नंतर एअर टॅक्सी (ठरलेलं वेळापत्रक नसलेली विमानं) म्हणून खाजगीवाल्यांना आत घेतलं, ईस्ट वेस्ट, दमानिया, जेट ह्या तेव्हाच्याच, आणि १९९४ ला तो कायदाच रद्द केला. तेव्हापासून कुठं उडायचं आणि किती घ्यायचे हे कंपनी ठरवते. अमेरिकेनं हेच १९७८ ला केलं होतं.

आता उरलं काय तर विमान नियम १९३७ मधला नियम १३५. त्यात म्हटलंय की कंपनीनं दर ‘वाजवी’ ठेवावा, म्हणजे खर्च, सेवेचा प्रकार, रास्त नफा आणि बाजारात चालू असलेला दर बघून. दर अवाच्या सवा आहे किंवा दुसऱ्याला मारायला मुद्दाम पाडलाय असं वाटलं तर डीजीसीए (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं केंद्राचं कार्यालय) आदेश देऊ शकतं. १९३४ चा मूळ कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, तरी दर कंपनीनंच ठरवायचा हे तसंच आहे. अडचण ‘वाजवी’ शब्दाचीच आहे, त्याला आकडा नाही. ३८०० पण वाजवी आणि ८९०० पण.

एसटीचं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ खाली राज्य सरकारला भाडं ठरवायचा अधिकार आहे. त्याच अधिकारात एप्रिल २०१८ ला खाजगी ट्रॅव्हल्सला पण मर्यादा घातली, एसटीच्या दीडपटीच्या वर घ्यायचं नाही. दिवाळीत पुण्याहून येताना ती किती पाळली जाते ते आपल्याला माहीतच आहे, पण निदान तक्रार करायला हातात आकडा असतो. विमानात तोच नाही.

तिकीटवाला_संभाजीनगर
मी हाच धंदा करतो म्हणून सांगतो, विमानातल्या सगळ्या सीट एका दराच्या नसतात. कंपनी गठ्ठे पाडते, स्वस्त गठ्ठा संपला की पुढचा महाग उघडतो, उरलेल्या सीट कमी आणि तारीख जवळ आली की अजून वर. सोमवारी तुम्ही बघितला तो गठ्ठा बुधवारपर्यंत संपला. इथून दिवसाची विमानंच मोजकी, कुठं एखादं मोठं लग्न किंवा कंपन्यांच्या मीटिंगा आल्या की दोन दिवसात गठ्ठे उडतात. तुमच्या तारखा आधी ठरलेल्या असतात ना, मग महिना-सव्वा महिना आधी काढा, फरक पडेल.

आणि एक सांगतो, राग मानू नका. दर बांधून मागू नका. कोविडमध्ये २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत सरकारनं किमान-कमाल दर बांधले होते. वरची मर्यादा सगळ्यांना आवडली, पण खालची पण होती, त्यामुळं स्वस्त तिकीटच बंद झालं. दर मोकळा आहे म्हणून माझं अर्धं गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलं, एकाच सरकारी कंपनीच्या काळात ते बसलं नसतं.

गोदाकाठ_नांदेड
तिकीटवाले भाऊ, तुमचं मोठ्या शहरापुरतं बरोबर आहे. आमच्याकडं बघा. प्रश्न ८९०० चा नाहीच, प्रश्न विमान टिकण्याचा आहे. कंपनीला यायची मोकळीक दिली तशी जायची पण दिली, आणि गेली की तिला कुणी विचारत नाही.

२७ एप्रिल २०१७ ला केंद्राच्या उडान योजनेत (लहान गावं स्वस्तात विमानानं जोडायची योजना) नांदेड–हैदराबाद सुरू झालं, शिमला–दिल्ली सुरू झालं त्याच दिवशी. किती आनंद झाला होता गावाला! तासाभराच्या प्रवासाला २५०० च्या आसपास, निम्म्या सीट त्या दरात, कंपनीची तूट केंद्र आणि राज्य मिळून भरणार. पण भरणार किती तर ३ वर्षं. पुढं फेब्रुवारी २०२२ मध्ये ते विमान चालवणारी ट्रूजेट कंपनीच थांबली. ज्यांनी त्या विमानावर हैदराबादचे दवाखाने, नोकऱ्या बसवल्या होत्या ते परत रात्रीच्या गाडीला. मार्च २०२४ पासून स्टार एअरची विमानं आली, फार बरं वाटलं, पण धास्ती जात नाही. गुरुद्वारा आहे म्हणून आम्हाला निदान बाहेरचा प्रवासी तरी आहे. लातूरला तर विमानतळ असून किती वर्षं नियमित विमान नाही. २००९ ला एमआयडीसीनं नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ, बारामती अशी पाच विमानतळं एका खाजगी कंपनीला ९५ वर्षांच्या करारानं दिली होती, आपल्या हाती काय आलं सांगा.

आणि वकीलसाहेब, तुम्ही एक सांगितलं नाही. १९९४ ला मोकळं करतानाच सरकारनं मार्ग वाटून दिले होते. मुंबई–दिल्लीसारख्या कमाईच्या मार्गांवर जितक्या सीट उडवता, त्याच्या १० टक्के ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा भागात उडवायच्याच. मराठवाड्याचं नाव कुठं? ‘बाकी सगळे मार्ग’ ह्या तिसऱ्या वर्गात आपण. तिथला ३५ टक्क्यांचा वाटा कंपनी दुसऱ्या मोठ्या शहरांच्या मार्गांवर उडवून सहज भरते, तिला नांदेडला यायची गरजच पडत नाही. अमेरिकेत बंधनं उठवली तेव्हा लहान गावांसाठी सरकारी मदतीची वेगळी सोय त्याच कायद्यात लिहिली आणि ती अजून चालू आहे. आपली ३ वर्षांत संपते. मागायचंच तर हे मागा, मागास भागाला नावानिशी वाटा द्या आणि मुंबईत उतरायला सकाळचे स्लॉट राखून ठेवा. आता नवी मुंबईचं विमानतळ पण सुरू झालंय, जागा नाही हे कारण चालायचं नाही.

जुना_चिकलठाणकर
सगळे दराचं लिहायलेत, मी वेगळं लिहितो. २६ एप्रिल १९९३ ला इथंच इंडियन एअरलाइन्सचं विमान उडताना धावपट्टीपुढच्या बीड रोडवर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला लागून पडलं, ५५ माणसं गेली. तेव्हा कंपनी सरकारीच होती. म्हणून सरकारी म्हणजे सगळं चांगलं असं लेकरांनी समजू नये. दर मोकळे झाले तरी विमानाची तपासणी, पायलटचे तास, धावपट्टी ह्यात सरकारनं तसूभर ढिलाई करू नये, आणि दराच्या भांडणात ते मागं पडू नये एवढंच म्हणणं आहे.

मोसंबीबाग_जालना
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. नांदेडच्या दादांचं वाचून वाटलं की आपलं दुखणं तरी बरं, विमान आहे तरी. वकीलसाहेब, एक विचारतो. मागच्या खेपेला आम्ही विमानतळावर पोचल्यावर विमान रद्द झाल्याचं कळलं, वडिलांना कंबरपट्टा बांधून दोन तास खुर्चीत बसवलं आणि तसंच घरी आणलं. तिकिटाचे पैसे परत आले, बाकी काही नाही. त्याचं काही करता येतं का?

काळा_कोट_परभणी
येतं. डीजीसीएचा नियम आहे, किमान २४ तास आधी न कळवता रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं होतं, तर परताव्याशिवाय भरपाई पण द्यावी लागते. तासाभरापर्यंतच्या विमानाला ५००० किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. खराब हवामान असेल तर नाही. आधी कंपनीला लेखी मेल करा, रद्द झाल्याचा मेसेज आणि बोर्डिंग पास काढला असेल तर तो जोडा, कारण काय होतं ते लेखी मागा. दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा तक्रार पोर्टलवर टाका, तिथं पण नाही झालं तर जालन्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, मुंबईला जायची गरज नाही. वडिलांच्या ऑपरेशनचे कागद पण जोडा, त्रास किती झाला ते त्यावरून दिसतं. अर्जाचा मसुदा पाहिजे असला तर मेसेज करा, मी लिहून देतो, फी नको.