पहाटेचे आकडे हवेत
या चर्चेत दोन मतं आलीत: पुण्यातल्या पाषाण तलावाचा अभ्यास विद्यापीठ आणि कॉलेजांनी मिळून करावा, आणि तलावात येणाऱ्या रामनदीतलं सांडपाणी थांबल्याशिवाय अभ्यासाला अर्थ नाही. दुसरं मत मला पटत नाही. सांडपाण्याविरुद्ध भांडायलाच तर पाण्यातल्या प्राणवायूचे सलग काही वर्षांचे आकडे लागतात.

मात्र ते कधी मोजले यावर सगळं अवलंबून आहे. विद्यार्थ्यांना घेऊन आपण सहसा भर दिवसा जातो. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे दुपारी पाणी ठणठणीत वाटतं. रात्री मात्र शेवाळ, मासे, जिवाणू सगळेच तो वापरतात, म्हणून खरी टंचाई पहाटे दिसते. पहाटेच्या नमुन्यात काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड ही दोन रसायनं घाला. तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळपास संपलाय. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे बघता क्षणी कळतं.

माणसं आपल्याकडे आहेतच. आयसर ही विज्ञान संस्था पाषाणातच आहे, आघारकर संशोधन संस्थेत डायटम या सूक्ष्म शेवाळांवर काम चालतं, गरवारे कॉलेजात जैवविविधता शिकवतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने मेंडोटा तलावाचा अभ्यास पिढ्यानपिढ्या चालू ठेवलाय, आणि २००५ पासून 'ग्लिऑन' या जाळ्यातून देशोदेशीचे तलाव-अभ्यासक माहिती वाटून घेतात. आपण निदान पाषाण आणि कात्रज या दोन तलावांवर ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि एकच पद्धत धरू या. आकडे प्रबंध होईपर्यंत कपाटात नकोत, दर महिन्याला सगळ्यांना पाहता यावेत.